शिरूरहून अमेरिका किती लांब?

पुणे ते सॅन फ्रान्सिस्को किती अंतर, असं मोबाइलला विचारलं की आकडा क्षणात येतो: साडेतेरा हजार किलोमीटर. त्याखाली विमानाला लागणारा वेळ, सोळा-साडेसोळा तास. शिरूर किंवा दौंड टाकून पाहिलं तरी जवळचा विमानतळ म्हणून लोहगावच पुढे येतं आणि आकडे तेच राहतात. गणित चोख असतं. अडचण एवढीच, की पुण्याहून सॅन फ्रान्सिस्कोला थेट विमान नाही. आणि उद्या सुरू झालं तरी हा आकडा ज्या सरळ रेषेचा आहे तिच्यावरून ते जाणार नाही.

शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांना हा प्रश्न आता परका राहिलेला नाही. रांजणगावच्या एमआयडीसीत कोरियाची एलजी आहे, इटलीच्या फियाटचा कारखाना आहे, अमेरिकेची व्हर्लपूल आहे. महागणपतीच्या दर्शनाला आलेल्या गाड्यांच्या रांगेतच परदेशी साहेबांना घेऊन विमानतळाकडे निघालेली गाडी अडकलेली असते. दौंड तालुक्यात कुरकुंभची रासायनिक वसाहत आहे. उसाच्या पट्ट्यातली मुलं शिकायला जर्मनीला, अमेरिकेला, ऑस्ट्रेलियाला जातात, आणि मग सुनेच्या नाहीतर लेकीच्या बाळंतपणासाठी ज्यांनी आयुष्यात विमान पाहिलेलं नाही असे आईवडील पहिलाच प्रवास थेट अर्ध्या पृथ्वीचा करतात. त्यांना किलोमीटरशी कर्तव्य नसतं. घरातून किती वाजता निघायचं, कुठे उतरायचं, किती वेळ बसून राहायचं, हे त्यांना हवं असतं.

तरी सुरुवात किलोमीटरपासूनच करावी लागते. शाळेच्या भिंतीवरच्या सपाट नकाशात अमेरिका डाव्या हाताला दिसते, म्हणून विमान अरबी समुद्र ओलांडून पश्चिमेला जात असणार असं वाटतं. त्याऐवजी पृथ्वीचा गोल घ्यावा आणि पुणे ते सॅन फ्रान्सिस्को दोरा ताणून धरावा. दोरा जवळजवळ सरळ उत्तरेला, जरासा पूर्वेकडे झुकून निघतो. दिल्ली, हिमालय, चीनचा शिनजियांग प्रांत, सायबेरिया, मग ७५ अंश अक्षांशापलीकडचा गोठलेला समुद्र आणि तिथून कॅनडाच्या अंगाने खाली. न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कला ताणला तर तो वायव्येकडे निघतो: कच्छचं रण, क्वेट्टा, अफगाणिस्तान, मध्य आशिया, सेंट पीटर्सबर्ग, आइसलँड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक. हे अंतर सुमारे १२,६५० किलोमीटर. पृथ्वीवर कुठल्याही दोन ठिकाणांत वीस हजार किलोमीटरहून फारसं जास्त अंतर असूच शकत नाही. शिरूरच्या नेमक्या पायाखालचा, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूचा बिंदू प्रशांत महासागरात पडतो. तिथून सर्वांत जवळची माणसांची वस्ती म्हणजे ईस्टर बेट, तेही हजारेक किलोमीटरवर. त्यामुळे शिरूरकराचं कोणी नातेवाईक अगदी ‘त्या टोकाला’ राहत असण्याची भीती नाही.

वेळेचा ढोबळ हिशोबही सोपा आहे. मोठं जेट विमान ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास उडतं. चढउतार धरून सरासरी साडेआठशे मानायची आणि जमिनीवर सरकण्याचा, रांगेत थांबण्याचा अर्धा तास मिळवायचा. मुंबई-दुबई १,९०० किलोमीटर, तीन तासांच्या आत-बाहेर. मुंबई-लंडन ७,२०० किलोमीटर, नऊ तास. मुंबई-मेलबर्न ९,८०० किलोमीटर, बारा तास. वेबसाइटवरचे वेळ बहुतेक असेच काढलेले असतात, आणि छोट्या पल्ल्याला ते बरोबरही येतात. पल्ला वाढला की बिघडतात, कारण तिथे तीन गोष्टी मध्ये येतात: वारा, डोंगर आणि सरकारं.

वाऱ्याबद्दल आधी एक गैरसमज. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग विमान वर नुसतं थांबलं तर अमेरिका आपोआप खाली येईल की, असा प्रश्न हुशार मुलं हमखास विचारतात. तसं होत नाही, कारण हवाही पृथ्वीबरोबर फिरते आणि विमान हवेत आहे. विमानाला फरक पडतो तो हवा जमिनीच्या मानाने किती धावते याचा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे झोत असतात, हिवाळ्यात ते ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे जातात. लंडनहून येणारं विमान जाणाऱ्यापेक्षा लवकर पोहोचतं ते यामुळे. हिवाळ्यात उत्तर भारतावरूनच असा एक झोत जातो.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण एअर इंडियाचं आहे. डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को थेट विमान सुरू झालं ते अटलांटिकवरून, सुमारे १३,९०० किलोमीटरच्या वाटेने. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने जातानाची वाट उलटी केली: पूर्वेकडे, प्रशांत महासागरावरून, सुमारे १५,३०० किलोमीटर. वाट चौदाशे किलोमीटरने लांबली आणि प्रवास जवळजवळ दोन तासांनी आखूड झाला, साडेचौदा तासांवर आला, कारण सगळी वाट वारा पाठीशी होता. ज्यांना अंतरावरून वेळ काढायची सवय आहे त्यांनी हा एक प्रसंग लक्षात ठेवला तरी पुरे. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाच्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्को ते बंगळूरु विमान उत्तर ध्रुवाच्या प्रदेशावरून आणलं, तेव्हाही मुद्दा नुसत्या विक्रमाचा नव्हता. इंधन आणि वेळ यांचा होता. झोया अग्रवाल यांच्या हाताखालच्या त्या चमूत आकांक्षा सोनावरे होत्या, एवढं आडनावावरून मराठी वाचकाला सांगायला हरकत नाही.

डोंगराचं प्रकरण थोडक्यात. तिबेटचं पठारच साडेचार किलोमीटर उंचीचं आहे. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला ताबडतोब तीन किलोमीटरच्या खाली यावं लागतं, कारण प्रवाशांच्या डोक्यावरून लोंबणाऱ्या मुखवट्यांतला प्राणवायू पंधरा-वीस मिनिटांचाच असतो. तिबेटवर खाली यायला जागाच नाही. म्हणून पुण्याहून ताणलेला तो सुबक दोरा हिमालयापाशी वाकवावा लागतो.

सरकारं मात्र डोंगरांपेक्षा लहरी असतात. बालाकोटवरच्या हवाई हल्ल्यानंतर २७ फेब्रुवारी २०१९ पासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानने आपलं आकाश बंद ठेवलं. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झालं, भारतानेही तसंच उत्तर दिलं, आणि बंदीची मुदत महिन्यामहिन्याने वाढत गेली. नेवार्ककडे जाणारा दोरा कच्छच्या पुढे तुटतो तो इथे. दिल्लीहून उत्तर अमेरिकेला निघालेल्या विमानांना व्हिएन्ना, कोपनहेगन इथे इंधनासाठी उतरावं लागलं. सॅन फ्रान्सिस्कोहून मुंबईला येणारं विमान कोलकात्यात थांबू लागलं. तिकिटावर थेट, प्रत्यक्षात थांबा. रशियाचं उलट आहे. फेब्रुवारी-मार्च २०२२ पासून रशियाचं आकाश अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद आहे, भारतीय कंपन्यांना नाही. युनायटेड एअरलाइन्सने त्याच वर्षी नेवार्क-मुंबई विमान थांबवलं. एअर इंडिया सायबेरियावरून जात राहिली. या सवलतीची किंमत जून २०२३ मध्ये कळली. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एअर इंडियाचं विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या पूर्व टोकाला मगदानला उतरलं, आणि प्रवाशांना न्यायला मुंबईहून दुसरं विमान पाठवावं लागलं. जून २०२५ मध्ये कतारमधल्या अमेरिकी तळावर इराणची क्षेपणास्त्रं आली तेव्हा आखातातली आकाशं काही तासांसाठी मिटली. आखातमार्गे जाणं म्हणजे बिनघोर, हा समजही तेव्हा गेला.

इथे जरा मागे जाऊ, कारण दौंड तालुक्याला दूरच्या प्रवासाचा जो इतिहास आहे तो फार थोड्या तालुक्यांना असेल. केडगावला मुक्ती मिशन उभं करणाऱ्या पंडिता रमाबाई एप्रिल १८८३ मध्ये मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाल्या आणि मे महिन्यात पोहोचल्या. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला होता म्हणून महिन्याभरात. नाहीतर आफ्रिकेला वळसा होता. त्याच एप्रिलमध्ये आनंदीबाई जोशी कोलकात्याहून निघाल्या होत्या. त्या ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ मध्ये रमाबाई अटलांटिक ओलांडून फिलाडेल्फियाला गेल्या आणि परतताना सॅन फ्रान्सिस्कोहून जपानमार्गे १८८९ मध्ये मुंबईत आल्या. म्हणजे जाताना एक महासागर, येताना दुसरा. पृथ्वीला पूर्ण फेरी. केडगावचं काम त्यानंतरचं, शतक संपता संपताचं. त्यांचं अमेरिकेवरचं मराठी पुस्तक १८८९ सालचं आहे. अंतराची भीती घालवणारं त्याच्याइतकं ठाम मराठी लेखन त्या काळात क्वचितच असेल.

विमानांचा इतिहास त्यामानाने भराभर पळतो. ८ जून १९४८ ला एअर इंडियाची ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेली. १९६० मध्ये बोइंग ७०७ न्यूयॉर्कला पोहोचू लागलं, अर्थात थांबत थांबत. मुंबई-न्यूयॉर्क विनाथांबा विमान एअर इंडियाने १ ऑगस्ट २००७ ला सुरू केलं. आज जगातलं सर्वांत लांब विनाथांबा उड्डाण सिंगापूर-न्यूयॉर्क, १५,३०० किलोमीटरच्या वर आणि अठरा-एकोणीस तासांचं. सिडनी-लंडनची तयारी चालू आहे. म्हणजे शिरूरहून जिथे म्हणून कोणाला जायचं असेल तिथपर्यंत एका झेपेत पोहोचणारं विमान आज अस्तित्वात आहे. नाही ती धावपट्टी.

लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ आहे. धावपट्टी साधारण अडीच किलोमीटर, समुद्रसपाटीपासून जवळजवळ सहाशे मीटर उंचीवर. उंची आणि उन्हाळा या दोन्हींनी हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि उड्डाणाआधी जास्त धाव घ्यावी लागते. अमेरिकेपर्यंतचं इंधन भरलेलं मोठं विमान एप्रिलच्या दुपारी या धावपट्टीवरून उठवणं शक्य नाही. मुंबईच्या मुख्य धावपट्टीला जवळजवळ एक किलोमीटर जास्त मिळतो, तोही समुद्रसपाटीला. लुफ्तान्साने काही वर्षं फ्रँकफर्ट-पुणे चालवली, तीही मोजक्या आसनांच्या छोट्या विमानाने. दुबई, सिंगापूर, बँकॉक अशी पुण्याची परदेशी उड्डाणं. ती मधल्या पल्ल्याच्या विमानांची आहेत. २०२४ च्या जुलैत नवं टर्मिनल सुरू झालं, काचा आणि कमानी छान आहेत, पण धावपट्टी तीच.

मग थांबा घ्यायचाच असेल तर कुठे? इथे अंतराचे आकडे खरोखर उपयोगी पडतात, आणि ते कोणी प्रवाशाला सांगत नाही. सॅन फ्रान्सिस्कोला जाताना दिल्ली जवळजवळ तंतोतंत त्या ताणलेल्या दोऱ्यावर येते. पुणे-दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को केलं तर नकाशावर दहा-वीस किलोमीटरसुद्धा वाढत नाहीत. दुबईमार्गे दीड हजार वाढतात. सिंगापूरमार्गे पावणेचार हजार, म्हणजे साडेचार तासांचं उडणं फुकट. नेवार्कला मात्र फ्रँकफर्टमार्गे जेमतेम अडीचशे-तीनशे किलोमीटर वाढतात आणि दुबईमार्गे चारशेच्या आसपास. रांजणगावच्या कोरियन अभियंत्याला सोलला जायचं असेल तर सरळ अंतर साडेपाच हजार आहे. दिल्लीमार्गे त्यात तीनेकशे वाढतात, सिंगापूरमार्गे मात्र तो साडेआठ हजारांच्या जवळ जातो. सिंगापूरचा विमानतळ कितीही सुंदर असला तरी हा वळसाच आहे.

आता जमिनीवरचा भाग, ज्याचा हिशोब कुठलीच वेबसाइट देत नाही. शिरूरकराचं नशीब असं, की लोहगावला जायला त्याला पुण्यात शिरावंच लागत नाही. शिक्रापूर, कोरेगाव भीमा, लोणीकंद, वाघोली आणि तिथून उजवीकडे, साठेक किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर सव्वा-दीड तास, शिक्रापूरच्या चौकात आणि वाघोलीत अडकलं तर तीन. दौंडकर पाटस, यवत करत येतो आणि हडपसर टाळायचं असेल तर थेऊर फाट्यावरून केसनंदला निघतो. मुंबईचा विमानतळ शिरूरहून सव्वादोनशे किलोमीटर. दौंडला रेल्वेची सोय आहे, सोलापूरकडच्या रात्रीच्या गाड्या मुंबईला पहाटे सोडतात. पण तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा आणि त्यांत आईने भरलेलं लोणचं, चटणी, मेतकूट असताना दादरचा पूल कोणी चढत नाही. इनोव्हा नाहीतर अर्टिगा भाड्याने ठरते आणि बरोबर चार माणसं सोडायला जातात. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे. लांबची उड्डाणं तिथून वाढली तर या बाजूच्या लोकांची वाशीपुढची सगळी कोंडी वाचेल.

हे सगळं एकत्र मांडलं तर उत्तर वेगळंच येतं. मुंबईहून रात्री दोनचं नेवार्कचं थेट विमान धरा. घाटात कोंडी होईल या धास्तीने शिरूरहून गाडी दुपारी तीनला निघते: अकरा तास. उड्डाण साडेपंधरा तास. उतरून इमिग्रेशन, सामान, दोन तास. एकूण साडेअठ्ठावीस. साडेबारा हजार किलोमीटरला हे ताशी चारशे चाळीसच्या आसपास पडतं, विमानाच्या वेगाच्या निम्मं. आता तोच प्रवास पुण्याहून दुबईमार्गे: घरून साडेचार तास आधी निघायचं, दुबईपर्यंत सव्वातीन, तिथे तीन तासांचा थांबा, पुढे चौदा, शेवटी दोन. पावणेसत्तावीस. थांबा घेणारं विमान थेट विमानाच्या आधी पोहोचवतं! मुंबईत पार्ल्याला राहणाऱ्यासाठी हे खरं नाही, शिरूरकरासाठी आहे. अट एवढीच, की दुबईचा थांबा तीन-चार तासांचाच असावा आणि दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर असावीत, म्हणजे सामान थेट पुढे जातं आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्याची जबाबदारी कंपनीवर राहते. थांबा आठ तासांचा असेल तर हिशोब उलटतो. आणि पहिल्यांदाच निघालेल्या, इंग्रजीला बिचकणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी मी तरी दोन तास वाया घालवून थेट विमानच निवडेन. दुबईत एका दारातून दुसऱ्या दाराशी जाताना होणारी घालमेल कुठल्या तक्त्यात बसत नाही.

तिकिटावरच्या घड्याळांनीही पुष्कळांची फसगत होते. रात्री दोनला सुटून सकाळी आठला नेवार्कला, असं छापलेलं पाहून सहा तासांत अमेरिका आली असं वाटतं. दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात. उन्हाळ्यात नेवार्क आपल्या साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिका घड्याळं सरकवते, आपण सरकवत नाही. सॅन फ्रान्सिस्कोहून शुक्रवारी रात्री निघालेला माणूस रविवारी पहाटे मुंबईत उतरतो, शनिवार त्याच्या वाट्याला जवळजवळ येतच नाही, आणि गाडीवाला मात्र शनिवारी जाऊन उभा राहिलेला असतो. दौंडच्या जुन्या माणसांना यात नवल वाटलं नसतं. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला त्या काळात रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालत आणि मुंबई शहर स्वतःच्या. दोन घड्याळांत अर्ध्या तासाचा फरक. गाडीत बसणाऱ्याला तो ध्यानात ठेवावाच लागे.

राहिला पुण्यासाठी होऊ घातलेला पुरंदरचा विमानतळ. वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी, पारगाव या सात गावांच्या जमिनीवर तो आखलेला आहे, आणि गावांनी केलेला विरोध वर्षानुवर्षांचा आहे. त्या विरोधाला ‘विकासाला अडथळा’ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. अंजीर-सीताफळाच्या बागा गेल्या तर त्या माणसांना अमेरिका जवळ आल्याचा काय उपयोग? विमानतळ झालाच, तर दौंडला तो लोहगावपेक्षा सोयीचा पडेल, शिरूरला नाही. लांब धावपट्टीवरून नेवार्कला थेट उडणं तेव्हा शक्य होईल, पण त्यासाठी कंपनीला रोज अडीच-तीनशे प्रवासी लागतील, आणि मुंबई, नवी मुंबई हाकेच्या अंतरावर असताना ते मिळणं कठीण. माझा अंदाज असा, की पुण्याहून पहिलं लांबचं विमान युरोपला जाईल. फ्रँकफर्ट ६,७०० किलोमीटरवर आहे, आणि पावणेनऊ हजार किलोमीटरपर्यंत झेप घेणारी छोट्या अंगाची एअरबस ए३२१ एक्सएलआर विमानं आता भारतीय कंपन्यांकडेही येऊ लागली आहेत. दोनशेच्या आतबाहेर प्रवासी त्यांना पुरतात, आणि जर्मन कंपन्यांची चाकणला, इटलीच्या कंपनीची रांजणगावला असलेली वर्दळ पाहता तेवढे रोज मिळतीलही. मग नेवार्कला जाणारी शिरूरची मुलगी फ्रँकफर्टला विमान बदलेल, आणि तिच्या वाटेत अडीचशे-तीनशे किलोमीटरच वाढतील.